कीमन कापगते आणि त्यांचा गार्डसाब

देवीदास कापगते आमच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. भिलाईच्या कोहक्यातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं स्टील प्लांटवाल्यांची. रेल्वेचं घर हे एकच. सामान उतरवून झाल्यावर ते गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली मान घालून चालत गेले आणि तसेच परत आले. मी फाटकात उभी होते.

"काही हरवलं का हो?" मी विचारलं.

"नाही मॅडम," ते म्हणाले, "पाहून राहिलो फक्त."

तेहतीस वर्षं ते कीमन होते. कीमनचं काम असं, की रोज सकाळी खांद्यावर हातोडा नि पाना घेऊन आपल्या वाट्याचे सात किलोमीटर रूळ पायी तपासायचे. रूळ धरून ठेवणारी एखादी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, तडा दिसला तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची. भिलाई-३ स्टेशनच्या पुढची लाइन त्यांच्याकडे होती. इतकी वर्षं स्लीपरमागून स्लीपर पावलं टाकल्यामुळे त्यांच्या चालीला एकच वेग उरला होता. बाजारातसुद्धा ते त्याच चालीनं जात. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई त्यांच्यापुढे वीस पावलं असायच्या आणि मागे वळून न बघता त्यांच्याशी बोलत राहायच्या. देवीदासजी उत्तर देत नसत. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, हात कधी वर न करणारी आणि विचारलंच तर बरोबर उत्तर देणारी मुलं मी पस्तीस वर्षं पाहिली. देवीदासजी त्यांच्यातले.

व्यसन त्यांना एकच, खर्ऱ्याचं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या माणसाचा जीव की प्राण. भिलाईत तो मिळतो, पण त्यांच्या मते "तसा" मिळत नाही. म्हणून गोंदियाहून कुणी ओळखीचं गाडीनं आलं, की त्याच्या पिशवीत देवीदासजींच्या आठ-दहा पुड्या असायच्या. मुलगी मोनाली नागपूरहून फोनवर ओरडायची, दातांच्या डॉक्टरांनी चित्रं दाखवून झाली होती. देवीदासजी सगळं ऐकून घेत आणि मग अंगणात जाऊन पुडी उघडत.

त्यांच्या घरी कुत्रा आला तो राजकुमारमुळे. राजकुमार शिवणकर हा त्यांच्या जुन्या रेल्वेमित्राचा मुलगा, आता मोठा ठेकेदार. त्याची मुलगी रेणू हट्टाला पेटली म्हणून त्यानं ग्रेट डेनचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं ते पिल्लू आपल्याकडच्या मोठ्या कुत्र्याएवढं होतं. त्यानं पंधरा दिवसांत सोफ्याचा एक हात खाल्ला आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोजचा कार्यक्रम सुरू केला. एका रविवारी राजकुमार ते गाडीत घालून देवीदासजींच्या दारात आला.

"काका, थोडे दिवस ठेवा. तुमच्याकडं आंगण हाये."

अन्नपूर्णाबाईंनी पिल्लाच्या पंज्यांकडे पाहिलं. ते पंजे चहाच्या बशीएवढे होते. "हे पिल्लू हाये तं याची माय केवढी असंल रे बाबा?"

"काकू, हा माझ्या कमरेएवढा होते."

"मंग घरात मी राहू का हा?"

पण पिल्लू तोवर देवीदासजींच्या चपलांवर डोकं ठेवून झोपलं होतं. ते जागं होईपर्यंत देवीदासजींनी पाय हलवले नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाऊण तास झाला होता.

पिल्लाला चालायला नेलं की ते कधी पुढे पळत नसे. देवीदासजींच्या मागे चार पावलांवर, मालगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डसारखं डुलत डुलत यायचं. म्हणून त्याचं नाव पडलं गार्डसाब. सहा महिन्यांत गल्लीतले लोक त्याला नमस्कार करू लागले.

दिवाळीच्या वेळी राजकुमार फराळ घेऊन आला. गार्डसाब आता त्याच्या कमरेला लागत होता. राजकुमार खूश झाला.

"वा काका! मस्त झाला. आता असं करू, माझ्या फार्महाउसवर चोऱ्या होऊन राहिल्या. पाटणच्या रस्त्यावर. या नाही, त्यापुढच्या जानेवारीत हा दोन वर्षांचा होईल, पूर्ण भरंल. मंग तिथं बांधतो याला. साखळी असली की कोणी फाटकाजवळ येणार नाही."

अन्नपूर्णाबाई चिवड्याची बशी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. देवीदासजी काही बोलतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "तो शिकून राहिला."

"काय शिकून राहिला?"

"मानसं शोधाचं."

हे धडधडीत खोटं होतं. खरं इतकंच, की आठ दिवसांपूर्वी जनावरांच्या डॉक्टरांकडे रांगेत बसले असताना हिरालाल साहू नावाचा एक गृहस्थ त्यांच्याशी बोलला होता. हिरालाल फौजेत कुत्र्यांच्या तुकडीत बावीस वर्षं होता. आता तो जिल्ह्यातल्या काही स्वयंसेवकांचं एक शोधपथक चालवतो. पुरात, पडलेल्या घरांत, हरवलेल्या माणसांसाठी हे लोक कुत्रे घेऊन जातात. तेवढ्यात दवाखान्याबाहेर लवंगी फटाक्यांची लड फुटली आणि सगळे कुत्रे खुर्च्यांखाली गेले. गार्डसाब मात्र प्रत्येक माणसापाशी जाऊन, त्याला नीट हुंगून, परत जागेवर येऊन बसला. हिरालाल म्हणाला होता, "कका, ये तो हाजिरी ले रहा है. इसको काम सिखाओ." बस, एवढंच झालं होतं.

राजकुमार मोठ्यानं हसला. तो मनानं वाईट नाही, फक्त त्याला सगळं लवकर ठरवायची सवय आहे. "काका, हा? हा तं उठून बसायले पाच मिनिटं लावते! बरं, चला. परीक्षा राहते ना त्याची? पास झाला तं तुमचा. नाही झाला तं जानेवारीत गाडी पाठवतो. बोला, मंजूर?"

"मंजूर," देवीदासजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते हिरालालच्या दारात उभे होते.

हिरालाल रांगेत बोलून गेला होता खरा, पण आता तो आधी नाहीच म्हणाला. इतक्या मोठ्या जातीचा कुत्रा म्हणजे हाडं उशिरा पक्की होणार. दीड वर्षाचा होईपर्यंत उडी नाही, जिना नाही, जेवणानंतर पळणं नाही. नाहीतर सांधे कायमचे जातात किंवा पोट फुगून जीव जातो. "लॅब्राडोर छह महीने में जो करेगा, ये डेढ़ साल में करेगा. आपमें इतना सबर है क्या?"

सबुरीबद्दल देवीदासजींना विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं होतं. त्यांनी अंगणाच्या तिन्ही पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार केला. जेवण तीन वेळचं करून, प्रत्येक वेळेनंतर दीड तास ते कुत्र्याशेजारी खाट टाकून बसत, म्हणजे तो पळणार नाही. गल्लीतली मुलं चेंडू घेऊन आली की ते बोट ओठांवर ठेवत: गार्डसाबची ड्यूटी बंद आहे.

शोधण्याचा खेळ सोपा होता. कुणीतरी लपायचं. कुत्र्यानं हवेत नाक धरून माणसाचा वास काढायचा, त्याच्यापर्यंत जायचं आणि तिथंच थांबून भुंकायचं. मग लपलेल्या माणसानं बाहेर येऊन गोणपाटाचा गुंडाळा त्याच्याबरोबर ओढायचा. गोणपाट ओढणं हे गार्डसाबचं बक्षीस.

अडचण भुंकण्याची होती. गार्डसाब भुंकतच नसे. जन्मल्यापासून त्यानं कधी गरजच मानली नव्हती. हिरालालनं सांगितलं, करून दाखवा, तो शिकेल. म्हणून डिसेंबरमध्ये रोज सकाळी देवीदासजी अंगणात उकिडवे बसून कुत्र्याच्या तोंडासमोर भुंकू लागले. आधी हळू, मग मोठ्यानं. गार्डसाब मान वाकडी करून अतिशय आस्थेनं ऐकायचा.

"मॅडम," अन्नपूर्णाबाई भिंतीवरून मला म्हणाल्या, "अडतीस वर्षं झाली लग्नाला. माह्याशी दोन शब्द धड बोलला नाही हा मानूस. आता पाहा, अर्धा अर्धा घंटा भुंकून राहिला!"

एकविसाव्या दिवशी गार्डसाब भुंकला. एकदाच. आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले वाजले. देवीदासजी अंगणात उभे राहिले आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

पुढे वर्षभर काम चाललं. कोहक्याच्या पलीकडे एक कॉलनी व्हायची होती, ती झाली नाही. तिथं अर्धवट भिंती, सिमेंटचे मोठाले पाइप आणि झुडपं आहेत. लपायला येत ते देवीदासजींचे निवृत्त रेल्वेमित्र. सकाळी चहाच्या टपरीवर जमणारे हे पाच-सहा जण, सगळे गोंदिया-तुमसरकडचे, रिकामेच असायचे. त्यांतले नत्थूजी म्हणजे भरघोस मिशांचे, गाड्यांचे रूळ बदलून देणारे माजी पॉइंट्समन. ते पाइपात जाऊन बसत, पुडी उघडत आणि निवांत चघळत वाट बघत. गार्डसाब त्यांना तीन मिनिटांत काढायचा. भिंतीमागे, खड्ड्यात, पाचशे मीटरवर, वारा उलटा असला तरीही. नत्थूजी टपरीवर सांगत, "काय नाक हाये राजा! मले तं वाटते हा दुर्गहून वास घेऊन राहिला." देवीदासजी काही म्हणत नसत, पण त्यांची चाल त्या दिवसांत जराशी वाढली होती. अन्नपूर्णाबाईंना पुढे फक्त पंधरा पावलं राहता येत होतं.

परीक्षेला दहा आठवडे उरले तेव्हा हिरालाल म्हणाला, एकदा माझी माणसं लपवून बघू. त्याच मैदानात त्यानं आपल्या पथकातला सुशील नावाचा तरुण एका भिंतीमागे बसवला. टपरीवरचे सगळे बघायला आले होते. मीही गेले होते. देवीदासजींनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "शोध."

गार्डसाबनं नाक वर केलं. मग तो निघाला. सुशील बसला होता त्या भिंतीपासून तीन हातांवरून तो गेला, थांबलाही नाही. मैदान संपलं, रस्ता आला, रस्त्यापलीकडे पानठेला होता. गार्डसाबनं पुढचे दोन पाय ठेल्याच्या फळीवर ठेवले आणि पानवाल्याच्या तोंडासमोर, शिकवलं होतं तसं, सलग सात वेळा भुंकला. पानवाला खाली बसला, दिसेनासाच झाला. गार्डसाब आमच्याकडे वळून बघू लागला. शेपूट हलत होतं. गोणपाट कुठं आहे, असं तो विचारत होता.

नत्थूजी हसू लागले, पण हिरालाल हसत नव्हता. तो ठेल्यापाशी गेला, त्यानं नत्थूजींकडे पाहिलं, मग एकेकाचा हात हातात घेऊन हुंगला. शेवटी देवीदासजींचा.

"कका," तो म्हणाला, "एक साल से आप लोग इसको आदमी नहीं सिखाए. खर्रा सिखाए हो."

सहा लपणारे, सहाही खर्रेवाले. सोडणारा हातही खर्ऱ्याचा. बिचाऱ्या कुत्र्यानं हिशेब बरोबर मांडला होता: हरवलेला माणूस म्हणजे ज्याला हा वास येतो तो.

"मंग आमी पुड्या बाहेर ठेवून बसतो ना," नत्थूजी म्हणाले.

"आपकी मूँछ का क्या करोगे?"

नत्थूजींच्या मिशीत तीस वर्षांचा खर्रा मुरला होता. त्यांनी मिशीला हात लावला.

देवीदासजींनी सदऱ्याच्या खिशातून तीन पुड्या काढल्या. त्या दिवशीच गोंदियाहून आलेल्या होत्या. नत्थूजींच्या हातावर ठेवल्या. "तुमीच खा आता," म्हणाले. आणि त्यांनी खर्रा सोडला. मुलीनं रडून, डॉक्टरांनी घाबरवून जे झालं नव्हतं ते असं रस्त्याच्या कडेला, पानठेल्यासमोर उभ्या उभ्या झालं. पहिले चार दिवस त्यांचं डोकं दुखलं. तोंडात काहीतरी हवं म्हणून अन्नपूर्णाबाईंनी भाजलेले जवस डबीत भरून दिले. पाचव्या दिवशी ते माझ्या फाटकात उभे राहून पाऊण तास बोलले. स्लीपर, पाऊस, त्यांची आई, सन अठ्ठ्याऐंशीचा एक तुटलेला रूळ, सगळं. तोंड रिकामं असण्याची त्यांना सवय नव्हती.

पण लपायला माणसं कुठून आणायची? खर्रा न खाणारे ओळखीचे पुरुष मोजायला बसले तर एका हाताचीही बोटं उरत होती. तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "बायका नाही का दिसत तुमाले?"

त्या स्वतः आजवर कुत्र्यापासून दोन हात लांब राहत. त्याची भाकरी करायच्या, पण थाळी काठीनं ढकलायच्या. आता त्यांनी आपलं मंगळवारचं भजनी मंडळ उभं केलं. आम्ही नऊजणी, सर्वांत धाकटी सुनिता, बावन्न वर्षांची, आणि सर्वांत थोर भागीरथाबाई, वयानं आणि आकारानंही.

"मी लपू कुठं गं?" भागीरथाबाई म्हणाल्या. "माह्यासाठी गोदाम लागते."

पहिली पाळी अन्नपूर्णाबाईंनी घेतली. त्या सिमेंटच्या पाइपात जाऊन बसल्या. गार्डसाबला सोडलं. तो आधी रस्त्याकडे, पानठेल्याकडे निघाला. देवीदासजी उभे राहिले, त्यांनी हाक मारली नाही. ठेल्यापाशी कुणी गोणपाट देईना. गार्डसाब परत आला, गोंधळून मैदानात फिरला, बसला, उठला. अर्ध्या तासानं तो पाइपाच्या तोंडाशी गेला आणि आत डोकं घालून उभा राहिला. मग एकदा भुंकला, तेही विचारल्यासारखं. आत पाइपामुळे तो आवाज केवढा झाला असेल! अन्नपूर्णाबाई गुडघ्यांवर रांगत बाहेर आल्या, पदर धुळीनं भरलेला, आणि कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाल्या, "अवो, यानं मले शोधलं!" जशा काही त्या खरंच हरवल्या होत्या. त्या दिवसापासून काठी गेली.

पुढचे दोन महिने सकाळी सात वाजता आमचं मंडळ मैदानात पसरलेलं असे. अडचणी आल्याच. अंधाऱ्या जागी भीती वाटू नये म्हणून सुनिता हळू आवाजात अभंग म्हणायची. कुत्रा नाकाऐवजी कानानं शोधू लागला. हिरालालनं सक्त ताकीद दिली: गाणं बंद. दहा मिनिटं तोंड मिटून बसणं हे आमच्या मंडळाला कुत्र्याच्या शिक्षणापेक्षा कठीण गेलं. भागीरथाबाई एकदा झुडपात बसल्या बसल्या झोपल्या. गार्डसाबनं त्यांना शोधून, भुंकून, जागं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आले रे, आले, दूधवाला का?"

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी परीक्षा होती. दुर्गच्या बाहेर एक बंद पडलेली राइस मिल पथकानं मागून घेतली होती. रायपूरहून ममता मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. शांत बाई, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. नियम साधा होता: तीन ठिकाणी तीन माणसं, प्रत्येकाला वीस मिनिटं. तिन्ही सापडले तर पास.

राजकुमार आला होता. त्याच्या मागून त्याची पिकअप गाडी आली. मागच्या बाजूला नवी कोरी साखळी ठेवलेली होती. तो कुणाला खिजवायला आला नव्हता. बोलल्याप्रमाणे गाडी आणली होती, इतकंच. त्यानं देवीदासजींच्या पायाला हात लावला. "काका, ऑल द बेस्ट," म्हणाला. आम्ही नऊजणी एका ओळीत भिंतीशी उभ्या होतो. एकमेकींचं तोंड बघणं टाळत होतो.

पहिला माणूस रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे होता. चार मिनिटं. दुसरा धान वाळवायच्या यंत्राच्या आड. अकरा मिनिटं. भागीरथाबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

तिसऱ्या वेळी ममता मॅडम म्हणाल्या, माणूस पथकाचा नको, बाहेरचा हवा. राजकुमार पुढे झाला. "मैं बैठता हूँ."

"कुत्ता आपको पहचानता है?"

"मॅडम, बचपन में उसने मेरा सोफा खाया था. उससे ज़्यादा जान-पहचान नहीं है."

त्याचे दोन्ही फोन काढून घेतले, कारण उजेड आणि आवाज चालत नाही. ट्रक वजन करायचा जुना काटा होता, त्याच्याखालच्या खड्ड्यात त्याला बसवलं आणि वर लाकडी फळ्या ओढल्या. हे सगळं होईपर्यंत देवीदासजी आणि गार्डसाब मिलच्या पलीकडे होते, त्यांना काही माहीत नव्हतं.

गार्डसाब सुटला. त्यानं आवाराची एक फेरी मारली, मग कुंपणाच्या भिंतीपाशी गेला. तिथं फरश्यांनी झाकलेल्या एका नालीचं तोंड उघडत होतं; काट्याच्या खड्ड्यातलं पाणी तिच्यातूनच बाहेर येई. तो तिथंच थांबला. नाक नालीत घालायचा, बाहेर काढायचा, कण्हल्यासारखा आवाज करायचा, पण भुंकायचा नाही. माणूस तिथं नाही हे त्याला कळत होतं, आणि आहे हेही कळत होतं. देवीदासजी त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं गेली. पंधरा. काट्याचा खड्डा तिथून साठ-सत्तर पावलांवर होता आणि आम्हाला तो दिसत होता. बघायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून आम्ही सगळ्या आकाशाकडे बघत होतो.

ममता मॅडमनी शिट्टी वाजवली. "बीस मिनट हो गए, काका. कुत्ते को वापस बुला लीजिए."

देवीदासजी वळले. "मॅडम, आदमी तो अंदरच है ना?"

"जी?"

"मिला नहीं ना अभी. तो कैसे बुलाऊँ?"

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. ममता मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, हिरालालकडे पाहिलं. "ठीक है. लेकिन ये रिज़ल्ट में नहीं गिनूँगी."

"मत गिनो," देवीदासजी म्हणाले.

मग त्यांनी मान खाली घातली आणि त्या नालीवरून, तोंडापासून उलट्या दिशेनं, चालायला लागले. एक एक फरशी. जिथं दोन फरश्यांमध्ये फट होती तिथं थांबत, कुत्रा फटीत नाक घाली, आणि पुढे निघत. तिसऱ्या फटीनंतर गार्डसाब त्यांच्या पुढे झाला. सातव्या फटीनंतर तो पळू लागला, दोन वर्षांत मी त्याला तसा पळताना पाहिलं नव्हतं. काट्यापाशी पोहोचून तो पोटावर आडवा झाला, फळ्यांच्या फटीत तोंड घातलं आणि भुंकला. पुन्हा. पुन्हा. मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

फळ्या काढल्या. राजकुमार वर आला तेव्हा त्याचा पांढरा सदरा जाळ्यांनी काळा झाला होता. गार्डसाबनं त्याचं सगळं तोंड चाटलं आणि मग गोणपाट मागू लागला.

"किती झाले?" राजकुमारनं विचारलं.

"सत्ताईस मिनट," हिरालाल म्हणाला.

ममता मॅडमनी कागदावर लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काम चांगलं, वेळेत नाही, म्हणून नापास. एप्रिलमध्ये पुन्हा बसता येईल.

देवीदासजींनी गार्डसाबला पट्टा लावला. त्याला घेऊन ते आपल्या नेहमीच्या चालीनं पिकअपपाशी गेले. मागचा फाळका उघडला. आणलेली फळी उतार करून लावली आणि कुत्र्याला वर नेलं. मग राजकुमारला म्हणाले, "वरून उडी नको मारू देऊ त्याले. उतरताना फळी लावत जा. अन् जेवला की दीड घंटा बसव."

"काका, काय करून राहिले तुमी?"

"बोली झाली होती."

राजकुमारनं पाठीवर हात नेऊन एक कोळ्याचं जाळं ओढून काढलं. "काका, त्या नालीतून आत सगळं ऐकू येते. तुमी तिथं उभे होते ना, तुमचा एक एक शब्द येत होता. आत काही दिसत नाही, फोन नाही. काहीतरी माह्या पायावरून गेलं. शिट्टी वाजली अन् त्या म्हणाल्या, बुला लो. मी म्हटलं, झालं आता. हे सगळे चहा प्याले जातीन. मी ओरडणार होतो, खरं सांगतो. तेवढ्यात तुमी म्हणाले, आदमी अंदरच है ना."

देवीदासजींनी त्याच्या खांद्यावरचं उरलेलं जाळं झटकलं.

"आता मी याले फाटकाशी बांधू?" राजकुमार म्हणाला. "कावून बांधू? तिथं मी दोन कॅमेरे लावतो." त्यानं साखळी उचलली, कुठं ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी ड्रायव्हरच्या हातात दिली. "काकू, एप्रिलमध्ये पास करा याले. तुमचाच हाये तो."

अन्नपूर्णाबाई रडत होत्या, पण बोलणं थांबलं नव्हतं. "एप्रिलमध्ये किती गरमी राहते, समजते का त्याईले? परीक्षा सकाळी सहाला ठेवा म्हणा. अन् नालीचा सराव कराव लागंल. भागीरथाबाई, तुमी नालीत बसान का?"

"मावले पाहिजे ना मी!"

गाडी कोहक्याला रिकामी कशाला न्यायची, म्हणून राजकुमारनं सगळ्या मंडळाला बसवून घेतलं. कुत्र्याच्या फळीवरून आधी भागीरथाबाई चढल्या. दोघांनी मागून आधार दिला, गार्डसाबनं वरून पदर धरला. राजकुमार स्वतःची गाडी सोडून आमच्यात येऊन बसला. त्याचे फोन हिरालालकडेच राहिले आहेत हे त्याला अर्ध्या वाटेपर्यंत आठवलं नाही. भजन सुरू झालं होतं. देवीदासजी कुत्र्याला टेकून बसले होते. त्यांनी जवसाची डबी काढली, चिमूटभर तोंडात टाकली आणि डबी राजकुमारपुढे धरली.